एक कप म्हणजे 250 ग्रॅम? पण कशाचे?

दिवाळी जवळ आली की स्वयंपाकाच्या ग्रुपांवर एक तक्ता हमखास फिरतो: 1 कप म्हणजे 250 ग्रॅम, 1 टेबलस्पून म्हणजे 15 ग्रॅम, 1 टीस्पून म्हणजे 5 ग्रॅम. खाली सल्ला, 'सेव्ह करा, वजनकाट्याची गरज नाही.' नव्याने केक, पाव करायला बसलेल्यांचं सामान अशा तक्त्यांपायी वाया जातं आणि दोष स्वतःच्या हाताला लागतो. म्हणून यातला एकेक दावा तपासूया.

'1 कप म्हणजे 250 ग्रॅम.' हे पाण्याला लागू आहे, तेही कप 250 मिलीचा असेल तर. दूध त्याच्या आसपास येतं. तेल मात्र पाण्यापेक्षा हलकं. लिटरच्या पिशवीवर 910 ग्रॅम छापलेलं असतं, स्वयंपाकघरात जाऊन बघा. 240 मिलीच्या कपात हलक्या हाताने भरलेला मैदा साधारण 120 ते 125 ग्रॅम बसतो, साखर 200, कोको पावडर 85 आणि मध तब्बल 340 ग्रॅम. आता केकच्या कृतीत 2 कप मैदा आणि 1 कप साखर आहे असं धरा. तक्त्याप्रमाणे तुम्ही 500 ग्रॅम मैदा आणि 250 ग्रॅम साखर घ्याल. मैदा दुप्पट झाला, साखर जेमतेम सव्वापट, अंडी तेवढीच. असा केक फुगणार कसा?

शिवाय कप कुठला? अमेरिकेतला साधारण 237 मिलीचा, ऑस्ट्रेलियातला 250 चा, जपानमधला 200 चा. आपल्या वाटीला तर ठरलेलं मापच नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. रव्याचे लाडू, चकलीची भाजणी यात सगळं एकाच वाटीने मोजलं की प्रमाण बरोबर राहतं. आजीची ही पद्धत चोख आहे. धान्यही पूर्वी मापानेच मोजत: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. घोटाळा होतो तो वाटीतली कृती एकाच आकड्याने ग्रॅममध्ये नेली की.

'1 टीस्पून म्हणजे 5 ग्रॅम.' 5 मिली म्हणा, ग्रॅम नाही. सपाट चमचाभर बारीक मीठ सुमारे 6 ग्रॅम भरतं, साखर 4, कोरडं यीस्ट 3. पावाच्या कृतीतलं 7 ग्रॅम यीस्ट म्हणजे सव्वादोन चमचे. तक्ता मानलात तर दीड चमचाही पडणार नाही आणि पीठ फुगायची वाट बघत बसाल. टेबलस्पूनचंही तेच, ऑस्ट्रेलियात तर तो 20 मिलीचा असतो.

राहिला 'काट्याची गरज नाही' हा सल्ला. सगळ्यात चुकीचा हाच. तोच मैदा, तोच कप. चाळून भरला तर 120 च्याही खाली येतो, डब्यात कप खुपसून दाबून भरला तर 150 च्या वर जातो. कुठलाही तक्ता हे सांगू शकत नाही.

त्यापेक्षा आपली नेहमीची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नेहमी भरता तशीच भरा, सुरीने सपाट करा आणि आलेलं वजन त्या-त्या डब्याच्या झाकणावर लिहा. खायचा सोडा तेवढा चमच्यानेच घ्या. एखाद्या ग्रॅमचा फरक घरगुती काट्याला नीट कळत नाही.