अजून नाही का मिळालं बाळ?

"अनाथाश्रम भरलेत गं, मग तुम्हालाच कसं मूल मिळेना?" प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीकुंकवाला कुणीतरी मावशी हे विचारणारच. अहो, ती काय मंडई आहे? संस्थेतलं प्रत्येक मूल दत्तक देता येत नाही. कित्येकांचे आईवडील हयात असतात. टाकून दिलेलं तान्हं बाळ असलं तरी आधी घरच्यांचा शोध, मग बालकल्याण समिती ते दत्तकासाठी मोकळं ठरवणार. रांगेत आम्ही ३५ हजारांहून जास्त पालक, आणि २०२४-२५ मध्ये देश-परदेश मिळून दत्तक गेली ४,५१५ मुलं. म्हणजे एकेका मुलामागे सात-आठ अर्ज! तीन-साडेतीन वर्षं बसल्याजागी जातात. तेवढ्यात गृह अध्ययन अहवालाची तीन वर्षांची मुदत संपते. म्हणजे पुन्हा कुणीतरी येऊन आमचं स्वयंपाकघर बघणार, पुन्हा पगाराच्या पावत्या.

त्यात अमेरिकेतल्या दिरांचा सल्ला, "चीनमधून आणा ना!" भाऊजी, नात्यातली मुलं सोडली तर चीनने परदेशी दत्तक २०२४ मध्येच बंद केलं. आणि तुमच्याकडे २००४ साली बाहेरून जवळपास २३ हजार मुलं यायची, आता दीड हजारसुद्धा येत नाहीत.

परवा मावशींनी नवस सुचवला. तिथेही रांग असेलच.