‘तुम्ही कधी स्वतः केबलचं बिल भरलंय का?’

नमस्कार,

बिग टेन नेटवर्कवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली त्याला चार दिवस झाले. (लेख न वाचलेल्यांसाठी: बिग टेन ही अमेरिकेतल्या विद्यापीठांची खेळांची संघटना, म्हणजे ‘कॉन्फरन्स’, आणि हे नेटवर्क तिची टीव्ही वाहिनी. केबल कंपनी कॉमकास्टशी तिचं 2007-08 मध्ये भांडण झालं, लेख त्यावर होता. पॅक-12 ही तशीच दुसरी कॉन्फरन्स.) दोनदा उत्तर लिहिलं आणि दोन्ही वेळा पुसलं. हे तिसरं. तुमचं म्हणणं मी वाकवलं असं कुणाला वाटू नये म्हणून ते आधी इथे देते. तुम्ही लिहिलंत: “ताई, कॉलेजचं प्रेम समजू शकतो. पण कॉन्फरन्सने लोकांच्या खिशात हात घातला आणि कॉमकास्टने तो अडवला, एवढीच ही गोष्ट आहे. आयोवाच्या मुलींच्या व्हॉलीबॉलचे पैसे इंडियानातल्या म्हातारीने का द्यावेत? तुम्ही कधी स्वतः केबलचं बिल भरलंय का? पॅक-12चं काय झालं ते सोयीस्करपणे गाळलंत. आणि ॲपलाचियन स्टेटचा सामना पहिल्या दिवशी नव्हता.”

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण त्यात तुमचं बरोबर आहे. नेटवर्क सुरू झालं गुरुवारी, 30 ऑगस्ट 2007 ला. ॲपलाचियन स्टेटने बिग टेनमधल्या मिशिगन विद्यापीठाला फुटबॉलमध्ये त्यांच्याच मैदानावर 34-32 असं हरवलं, तो सामना शनिवारी, 1 सप्टेंबरला झाला. म्हणजे तिसऱ्या दिवशी. लेखात दुरुस्ती केली आहे, आणि चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार.

आता बिलाचं.

बार्शीत आमच्या आबांचं केबलचं काम होतं. गच्चीवर डिश, माळ्यावर सगळी यंत्रं, आणि तिथून गल्लीगल्लीत ओढलेल्या वायरी. साडेतीनशेच्या आसपास कनेक्शनं. मी सातवीत असल्यापासून दर रविवारी पावती पुस्तक घेऊन वसुलीला जायचे. “पुढच्या आठवड्यात ये” हे वाक्य मी किती दारांत ऐकलं असेल, त्याची गणती नाही. कुठल्या घरात बिल थकलंय आणि का थकलंय, हे मला पाठ होतं. एखादी वाहिनी ‘पे’ झाली की तिचा माणूस यायचा, घरामागे दर सांगायचा, आणि “तुमची घरं तुम्ही सांगता त्यापेक्षा जास्त आहेत” म्हणून आबांशी वाद घालायचा. एका क्रिकेट मालिकेच्या ऐन मध्यावर एका वाहिनीने आमचं प्रक्षेपण बंद केलं. तेव्हा लोक त्या वाहिनीच्या ऑफिसवर गेले नाहीत. आमच्या दारात आले आणि आबांना नको नको ते बोलले. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

तेव्हा बिल भरलंय का, हा प्रश्न मला विचारू नका. मी बिल गोळा केलंय. पुढे इंडियानात शिकायला गेले तेव्हा चौघींच्या घराची केबल माझ्याच नावावर होती आणि तिघींकडून पैसे मागण्याचं कामही माझंच होतं. लेखात हे लिहिलं नव्हतं, कारण लेख माझ्याबद्दल नव्हता. तुम्ही मात्र न विचारता ठरवून टाकलंत की ही बाई कुठल्यातरी वसतिगृहात फुकट टीव्ही बघून कॉलेजची आरती ओवाळते आहे. माहीत नसलेल्या माणसाबद्दल असं बोलायला काही लागत नाही, हे मी बार्शीतच शिकले.

आणि आबांची मुलगी म्हणूनच सांगते, कॉमकास्टची अडचण मला कळत नाही असं समजू नका. बिग टेनमध्ये तेव्हा अकरा विद्यापीठं होती आणि ती आठ राज्यांत पसरलेली होती. नेटवर्कमध्ये कॉन्फरन्सची मालकी 51 टक्के, फॉक्स या टीव्ही कंपनीची 49. त्या आठ राज्यांत प्रत्येक घरामागे महिन्याला 1 डॉलर 10 सेंट मागितले गेले, बाहेर 10 सेंट. देशातल्या सगळ्यात मोठ्या केबल कंपनीला हा आकडा खुपला तर नवल नाही. आबा असते तर त्यांनीही आधी “जास्त आहे” असंच म्हटलं असतं. त्यात गैर काहीच नाही, वाटाघाटी अशाच होतात.

पण भांडण नुसतं दराचं नव्हतं. वाहिनी कुठल्या पॅकमध्ये बसवायची, हे खरं भांडण. कॉमकास्टला ती वेगळे पैसे भरून घ्यायच्या स्पोर्ट्स टियरमध्ये टाकायची होती, आणि कॉन्फरन्सचे कमिशनर जिम डिलेनी ती सर्वसाधारण पॅकमध्येच हवी म्हणून अडून बसले. टियरमध्ये गेली असती तर दहातल्या एखाद्या घराने घेतली असती. मग तेवढेच पैसे उभे करायला दर दहापट करावा लागला असता, आणि त्या दराला ते एक घरही टिकलं नसतं. आबांकडे निदान हा पर्याय नव्हता. बॉक्स नव्हते, एकच वायर, जे जाईल ते सगळ्यांकडे जाईल. कॉमकास्टकडे पर्याय होता, म्हणून त्याचा वापर कसा केला हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

तुमच्या त्या म्हातारीकडे येते. आयोवाच्या व्हॉलीबॉलचा दाखला तुमचा नाही, तो 2007 मध्ये कॉमकास्टनेच पुढे केला होता. इंडियानाच्या बास्केटबॉलच्या चाहत्याला आयोवाचं व्हॉलीबॉल बघायचं नाही, अशा अर्थाचं त्यांचे वरिष्ठ अधिकारी जाहीरपणे बोलले, आणि डिलेनी चिडले ते त्यावरच. पण त्याच काळात व्हर्सस आणि गोल्फ चॅनल या दोन खेळांच्या वाहिन्या खुद्द कॉमकास्टच्या मालकीच्या होत्या, आणि त्या टियरमध्ये नव्हत्या, सर्वसाधारण पॅकमध्ये होत्या. म्हणजे म्हातारी गोल्फचे पैसे आधीच देत होती. तेव्हा तिचा कळवळा कुणाला आला नाही. मुलींच्या व्हॉलीबॉलचं नाव निघालं आणि लगेच आला. हे मला तेव्हाही लागलं होतं, आणि तुम्ही तेच वाक्य पुन्हा लिहिलंत म्हणून आज पुन्हा लागलं.

का लागलं, तेही सांगते. मी संख्याशास्त्राच्या वर्गाला शिकवायला मदत करायचे. त्या वर्गात आमच्या विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघातली एक मुलगी होती. आईवडील आयोवात शेती करायचे, गाडीने आठ तासांवर. तोवर त्यांना मुलीच्या सामन्याचा निकाल रात्री फोनवर कळायचा. नेटवर्क डायरेक टीव्ही या डिशवाल्या कंपनीकडे पहिल्या दिवसापासून होतं, म्हणून त्यांनी त्या सीझनला छपरावर डिश बसवून घेतली. तुम्ही म्हणाल, मग झालं की, ज्याला हवं त्याने पैसे भरले. हो, भरले त्यांनी. पण त्यांच्या गावातल्या शाळेच्या मुलींना ती वाहिनी दिसत नव्हती, आणि ज्याच्या घरी दिसतच नाही त्याला ते ‘हवंय’ का, हे कसं कळणार? या नेटवर्कने सुरुवातीलाच सांगितलं होतं की तीन वर्षांच्या आत मुलींच्या आणि मुलांच्या सामन्यांची संख्या सारखी करू. असा शब्द दुसऱ्या कुठल्या खेळाच्या वाहिनीने तेव्हा दिला होता, ते तुम्हीच दाखवा.

आणि मुलींचं व्हॉलीबॉल कोण बघतं, असं वाटत असेल तर: 2011 मध्ये नेब्रास्का विद्यापीठ बिग टेनमध्ये आलं. 30 ऑगस्ट 2023 ला त्यांच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ठेवला गेला. प्रेक्षक 92,003. दाखवला कुठे? याच नेटवर्कवर, आणि तारीखही नेटवर्क सुरू झालं तीच, सोळा वर्षांनी. ही माणसं एका दिवसात उगवलेली नाहीत.

पॅक-12चं मी गाळलं, कारण तो वेगळा विषय आहे. त्यांनी नेटवर्क पूर्ण स्वतःच्या मालकीचं ठेवलं, पाठीशी फॉक्स किंवा ईएसपीएनसारखा कुणी नव्हता, डायरेक टीव्हीशी करार शेवटपर्यंत झाला नाही, आणि 2024 च्या जूनअखेर ते बंद पडलं. एकाचा डाव फसला म्हणून दुसऱ्याची मागणीच खोटी, हे मला पटत नाही. यावर इथे एवढंच.

शेवटी काय झालं तेही तुमच्या प्रतिक्रियेत नव्हतं. 19 जून 2008 ला कॉमकास्टशी करार जाहीर झाला. दर 70 सेंटच्या आसपास ठरल्याच्या बातम्या होत्या, म्हणजे कॉन्फरन्सही खाली उतरली. वाहिनी त्या राज्यांत बहुतेक ठिकाणी सर्वसाधारण पॅकमध्ये गेली, पुढच्या वसंतानंतर ती व्यापक डिजिटल पॅकमध्ये हलवायची मुभा कॉमकास्टला मिळाली. स्पोर्ट्स टियर टळला. फुटबॉलचा दुसरा सीझन सुरू व्हायच्या आत लोकांच्या घरी ती दिसायला लागली. याला तुम्ही खिशात हात घालणं म्हणता. मी याला सौदा म्हणते. आबा असेच सौदे करायचे, आणि चहा पाजून समोरच्याला स्टँडपर्यंत सोडायला जायचे.

पुन्हा जरूर लिहा. फक्त ते ‘ताई’ नको. ज्या सुरात तुम्ही ते लिहिलंत, त्या सुरात मला माझ्या सख्ख्या भावानेही कधी हाक मारलेली नाही.