दुसऱ्या पेगला खिशाकडे गेलेला हात

"मी एरवी ओढत नाही, फक्त बसलो की ओढतो." हे मी कित्येक वर्षं सांगत आलो आणि मनापासून खरंही मानत आलो. पण सगळा घोळ या एका वाक्यातच आहे, असं आता माझं पक्कं मत झालंय.

सिगरेट सोडल्यावर चार महिने व्यवस्थित गेले. चहाबरोबरची तलफ गेली, जेवणानंतरचीही गेली. मग एकदा मित्रांबरोबर बसलो. पहिल्या पेगला काहीच नाही. दुसरा निम्मा झाला आणि माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा चार महिन्यांपासून रिकामा, पण बोटं पाकीट चाचपत होती. ओढावंसं वाटतंय हे मला कळायच्या आधी हाताला कळलं होतं. थोड्या वेळाने शेजारच्याच्या पाकिटातली एक माझ्या ओठांत होती. त्या रात्री पाच झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, दारूचा थेंबही न घेता, मी नवं पाकीट विकत घेतलं.

आपण मनाचे कच्चे, असंच मी पुढे बरेच दिवस धरून चाललो. ते तसं नव्हतं. झुरक्यातलं निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं आणि तिथे डोपामिन, म्हणजे "छान वाटतंय, आणखी हवं" असं वाटायला लावणारं रसायन, वाढवतं. दारूही तेच डोपामिन वाढवते, त्यामुळे एक घेतलं की दुसरं हवंसं वाटतं. त्यात वर्षानुवर्षं दोन्ही बरोबर घेतलेलं, म्हणजे ग्लास हातात आला की मेंदू सिगरेटची वाट बघायला लागतो. आणि कपाळामागचा जो भाग "थांब, नको" म्हणतो, नेमका तोच दारूने सुस्तावतो. तलफ चढते त्याच वेळी अडवणारा झोपी जातो. उलट बाजूनेही तसंच: दारूची गुंगी निकोटिनने जराशी उतरल्यासारखी वाटते, म्हणून माणूस आणखी एक भरतो.

तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचं तर काय सांगावं. तिथे या दोघांच्या धोक्याची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो. दारूमुळे धुरातली विषं तोंडाच्या आतल्या अस्तरात सहज शिरतात.

मला राग याचा येतो की "सिगरेट सोड" म्हणणारे खूप भेटले, पण "पितोस किती, कधी?" हे एकानेही विचारलं नाही. सिगरेट सोडायची असेल तर निदान पहिले काही आठवडे ग्लासही बाजूला ठेवा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. (रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दारू एकदम तोडू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. ते जिवावर बेतू शकतं.)

मित्रहो, मी पुन्हा सोडलीय. आज एकोणिसावा दिवस. भेटायला मी येणार, पाण्याचा ग्लास घेऊन बसणार. तुम्ही फक्त पाकीट आणि लायटर टेबलावर ठेवू नका, खिशात राहू द्या. आणि "एकाने काय होतंय" म्हणून पुढे करू नका.