सँटोरिनीत सूर्यास्त बघा, पण जेवायला आतल्या गावात जा

सँटोरिनी बेटावर कॅल्डेऱ्याच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या खचलेल्या विवराच्या, कड्यावर बसून जेवू नका. सूर्यास्त बघा, फोटो काढा, हवी तर एक कॉफी घ्या आणि जेवायला तिथून उठा. ग्रीसला निघालेल्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते. आपली माणसं एक तर इया गावाच्या कड्यावर भरमसाट पैसे मोजून पास्ता खातात, नाहीतर 'इंडियन' पाटी शोधत फिरतात आणि घरी मिळते तीच दाल तडका तिप्पट भावाने मागवतात. त्या बेटांवरचं जेवण आपल्या शाकाहारी माणसाला इतकं मानवणारं आहे, आणि ते न चाखताच लोक परत येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सँटोरिनीची वस्ती १५ हजारांच्या आसपास. हंगामात काही दिवशी त्याहून जास्त माणसं नुसती क्रूझमधून उतरायची, म्हणून २०२५ पासून दिवसाला ८ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा घालावी लागली. कड्यावर जेवणारा बहुतेक प्रवासी तिथे पुन्हा कधी येणार नसतो. मग त्याच्या ताटाची काळजी कोण करणार? जागेचं भाडं मात्र त्याच ताटातून वसूल होतं.

त्यापेक्षा बेटाचं मुख्य गाव फिरा, तिथल्या बसस्थानकावरून पिर्गोस, मेगालोहोरी किंवा एम्पोरिओ या आतल्या गावांची बस धरा. बेटावरच्या बहुतेक बस फिऱ्यातूनच सुटतात, त्यामुळे गाडी भाड्याने घ्यायलाच हवी असं नाही. या गावांतल्या खानावळीत, तिकडच्या भाषेत टाव्हेर्नात, पहिल्यांदा 'फावा' मागवा. पिवळी डाळ शिजवून, घोटून, वर ऑलिव्ह तेल, कच्चा कांदा, केपर (खारवलेल्या आंबट कळ्या) आणि लिंबू. ही डाळ विदर्भातल्या लाखोळीच्या सख्ख्या कुळातली आहे, दोन्ही 'लॅथिरस' या वनस्पतिवंशातल्या. ज्वालामुखीच्या राखाडी मातीत, जवळजवळ पाण्याविना ती पिकते. तशाच कोरड्या मातीतले छोटे, दाट चवीचे टोमॅटो, त्यांची भजी म्हणजे 'तोमातोकेफ्तेदेस', आणि बेटावरचं कमी बियांचं पांढरं वांगं. एवढं टेबलावर आलं की कड्यावरच्या पास्त्याची आठवणही येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मुख्य जेवण दुपारी करा. चांगल्या टाव्हेर्नात सकाळीच मोठ्या ट्रेमध्ये आणि पातेल्यांत पदार्थ शिजवून ठेवतात, त्यांना 'मायिरेफ्ता' म्हणतात. ते दुपारी एक-दोनला पहिल्या धारेचे असतात. रात्री बाहेर पर्यटकांसाठी भाजण्या-तळण्याचा धूर असतो आणि सकाळच्या ट्रे रिकाम्या झालेल्या असतात. मेन्यूकार्ड बाजूला ठेवून सरळ काउंटरपाशी जा आणि आज काय केलंय ते दाखवा म्हणा. कुणी वाईट वाटून घेत नाही, उलट झाकणं उघडून दाखवतात. भात भरलेले टोमॅटो-मिरच्या म्हणजे 'येमिस्ता', भाज्यांचं 'ब्रिआम', फरसबीचं 'फासोलाकिया', टोमॅटोत भाजलेले घेवड्याचे टपोरे पांढरे दाणे म्हणजे 'यिगांदेस'. माझ्या आईने यिगांदेसचे दोन घास खाल्ले आणि विचारलं, यात गूळ घातलाय का? गूळ नव्हता, तासन्‌तास मुरलेल्या कांद्या-टोमॅटोचा गोडवा होता. मग तिने ब्रेड मोडून सगळा रस्सा पुसून खाल्ला.

हे शाकाहारी पदार्थ पर्यटकांसाठी काढलेले नाहीत. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेत बुधवार-शुक्रवार, ईस्टरआधीचे आठवडे आणि १ ते १४ ऑगस्ट, म्हणजे आपल्या श्रावणाच्या आसपासच, मांस, दूध, अंडी वर्ज्य. आज सगळेच हे पाळतात असं नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी उपासाचं म्हणून रांधलेलं हे जेवण टिकून आहे. 'निस्तीसिमो', म्हणजे उपासाचं, आहे का, असं विचारलंत तर लगेच कळतं. मात्र एक सांभाळा: ऑक्टोपस, माकूळ आणि शिंपल्या त्या उपासाला चालतात. त्यामुळे शाकाहारी माणसाने एवढ्यावर न थांबता मासळीही नको हे स्पष्ट सांगावं. येमिस्तात कधी खिमा असतो, तेही आधी विचारावं.

मासे खाणाऱ्यांनी कार्डावरचा आकडा नीट वाचावा. मोठ्या माशाचा भाव बहुतेक किलोवर असतो. मासा समोर वजन करून घ्या आणि किती होतील ते शिजायच्या आधी विचारा. गोठवलेल्या मासळीपुढे कार्डावर खूण असते, ती शोधा. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उन्हाळी वारा घोंगावायला लागला की लहान होड्या समुद्रात जात नाहीत, त्या दिवशी 'आजचा ताजा' ऐकून भुलू नका. मी तर म्हणेन मोठ्या माशाच्या नादीच लागू नका. सार्डिन घ्या, किंवा 'गाव्रोस' घ्या, आपल्या मांदेलीच्या कुळातला. कुरकुरीत तळून येतो, वर लिंबू पिळायचं आणि काट्यासकट खायचा. खिशालाही परवडतो.

ब्रेडचे माणशी थोडे पैसे बहुतेक ठिकाणी लावतात, त्यावरून वाद घालू नये. पण पावती मात्र घ्याच. पावती दिली नाही तर पैसे देणं बंधनकारक नाही, असं तिथल्या कार्डांवरच छापलेलं असतं.

आणि ज्यांना जेवणासाठीच जायचंय त्यांनी सँटोरिनीतले मुक्काम कमी करून नॅक्सोस बेट धरावं. वेगवान बोटीने दोनेक तास. सायक्लाडीस या द्वीपसमूहातलं (सँटोरिनीही त्यातलंच) हे सगळ्यात मोठं बेट, आणि इथे शेती आहे, गुरं आहेत. नॅक्सोसचा बटाटा ग्रीसभर नावाजलेला, इथलं 'ग्राव्हिएरा' चीजही तसंच. किनाऱ्यावर न रमता डोंगरातल्या हाल्की, फिलोती, अपिरान्थोसकडे जा. तळलेले बटाटे आणि ग्राव्हिएरा एवढंच मागवलं तरी पोरं खूश होतात.

त्याच द्वीपसमूहातल्या सिफ्नोस बेटाला तर सुट्टीतला एक रविवार राखूनच ठेवा. तिथली माती भांड्यांची, कुंभारकामाची परंपरा जुनी. शनिवारी संध्याकाळी हरभरे (आपले काबुली), कांदा, तेल आणि तमालपत्र मातीच्या भांड्यात घालून लाकडाच्या भट्टीत ठेवतात. रात्रभर मंद आचेवर शिजलेली ही 'रेविथादा' रविवारी चर्च सुटल्यावर खातात. लोण्यासारखे मऊ हरभरे, त्यावर लिंबू, बस्स. शनिवारीच टाव्हेर्नात सांगून ठेवा आणि रविवारी दुपारी वेळेवर पोहोचा, कारण भांडं संपलं की पुढची रेविथादा पुढच्या रविवारी.