फुटबॉल जिंकलं की बास्केटबॉलला पोरं मिळतात? हिशेब तसा जुळत नाही

अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचा मोसम जवळ आला की एक दावा हमखास फिरायला लागतो. ज्या विद्यापीठाचं फुटबॉल जोरात, त्याच्या बास्केटबॉल संघाकडे शाळकरी गुणवान खेळाडू आपसूक येतात, असा तो दावा. फुटबॉल म्हणजे अर्थात हेल्मेटवालं, अमेरिकन. ‘फ्लोरिडा बघा’, ‘शनिवारचा सामना दाखवला की पोरगं गळाला लागतं’, ‘ज्यांच्याकडे फुटबॉल नाही ते संपले’ आणि ‘शेवटी पैसा फुटबॉलचाच’ हे त्याचे चार खांब. त्यातला चौथा अर्धा खरा आहे. बाकीचे तीन तपासून बघू.

फ्लोरिडाचं उदाहरण सगळ्यात लाडकं, कारण ते दिसतंच देखणं. एप्रिल 2006 मध्ये बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद, जानेवारी 2007 मध्ये फुटबॉलचं, एप्रिल 2007 मध्ये पुन्हा बास्केटबॉलचं. 2007 मध्ये तर दोन्ही अंतिम सामन्यांत समोर ओहायो स्टेटच. पण ती बास्केटबॉलची पोरं आली कधी? जोकिम नोआ, अल हॉरफर्ड, कोरी ब्रुअर आणि टॉरियन ग्रीन हे चौघे 2004 मध्ये दाखल झाले. त्याआधीच्या दोन मोसमांत फ्लोरिडाचं फुटबॉल प्रत्येकी 8 विजय, 5 पराभव अशा बेताच्या तब्येतीचं होतं आणि 2004 च्या ऑक्टोबरात कोच रॉन झूकला नारळ मिळाला. 2007 चं विजेतेपद आणणारा कोच अर्बन मायर त्याच्यानंतर आला. म्हणजे ज्या फुटबॉलच्या वैभवाला श्रेय देतात, ते या पोरांनी फ्लोरिडात खेळायच्या करारावर सही केली तेव्हा अस्तित्वातच नव्हतं.

पुढचा भाग कोणी सांगत नाही. 2007 मध्ये फ्लोरिडाच्या टिम टीबोने हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा मान, जिंकली, जानेवारी 2009 मध्ये संघाने पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. दाव्याप्रमाणे बास्केटबॉलकडे तेव्हा रांग लागायला हवी होती. 2008 आणि 2009, दोन्ही वर्षी फ्लोरिडाला बास्केटबॉलचा राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या मार्चच्या मुख्य स्पर्धेत जागाच मिळाली नाही. कोच तोच, बिली डॉनोवन. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, इतकंच.

अलाबामाची गोष्ट तर दाव्याच्या मुळावरच येते. फुटबॉलचा कोच निक सेबन 2007 मध्ये तिथे आला. 2009 ते 2017 या मोसमांत त्याने पाच राष्ट्रीय विजेतेपदं आणली. कॉलेज फुटबॉलमध्ये याहून मोठं नाव त्या काळात नव्हतं. आणि बास्केटबॉल? सेबनच्या पहिल्या बारा वर्षांत मुख्य स्पर्धेत फक्त दोनदा, 2012 आणि 2018 मध्ये. 2019 मध्ये बफेलो विद्यापीठातून बास्केटबॉलचा नवा कोच नेट ओट्स आला. धावता खेळ, रिंगजवळचे नाहीतर तीन गुणांचे फटके, मधले जवळपास वर्ज्य. 2021 मध्ये एसईसी या कॉन्फरन्सचं, म्हणजे विद्यापीठांच्या साखळी-गटाचं, विजेतेपद, 2024 मध्ये विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चारांत जागा. फुटबॉलचं मैदान तेच, प्रेक्षक तेच. बदलला तो बास्केटबॉलचा कोच. जॉर्जियाचं उदाहरण याहून बोचरं: जानेवारी 2022 मध्ये फुटबॉल संघ 1980 नंतर प्रथमच राष्ट्रीय विजेता झाला आणि त्याच हिवाळ्यात बास्केटबॉल संघ 6 सामने जिंकून 26 हरला.

उलट बाजूला ड्यूक विद्यापीठ. 2000 च्या मोसमात त्यांचं फुटबॉल 11 पैकी 11 सामने हरलं. एप्रिल 2001 मध्ये बास्केटबॉल संघ राष्ट्रीय विजेता. त्या शरदात फुटबॉल पुन्हा 11 पैकी 11 हरलं. त्यांचा बास्केटबॉल कोच माइक शशेव्स्कीच्या दारातली रांग काही कमी झाली नाही.

शनिवारच्या सामन्याचं काय? हे खरं आहे की बास्केटबॉलचे कोचही पोरांच्या भेटी सप्टेंबर-ऑक्टोबरात, घरच्या फुटबॉल सामन्याला धरून ठेवतात. सह्यांचा पहिला टप्पा नोव्हेंबरात असतो, तेव्हा वेळही सोयीची. सतरा वर्षांचं पोरगं अलाबामाच्या टस्कलूसा गावात लाखभर लोकांसमोर मैदानाच्या कडेला उभं राहतं, विद्यार्थी त्याच्या नावाचा गजर करतात. भारावणार नाही तर काय! पण पुढच्या आठवड्यात तेच पोरगं दुसऱ्या विद्यापीठात तसंच मैदान बघतं. सगळ्यांकडे असलेली गोष्ट कोणाला वरचढ ठरवत नाही. शिवाय केंटकीने ऑक्टोबरातल्या पहिल्या जाहीर सरावाचीच जत्रा करून दाखवली आहे, त्याला फुटबॉल लागत नाही. पोरं जातात ती माणसांमागे. गुणवान बास्केटबॉलपटू बेन सिमन्स 2015 मध्ये लुइझियाना स्टेटला गेला तेव्हा तिथल्या सहायक कोचांपैकी एक, डेव्हिड पॅट्रिक, त्याचे धर्मपिता होते. आणि बास्केटबॉल कोच जॉन कॅलिपारी 2024 मध्ये केंटकी सोडून आर्कन्सॉला गेला, तेव्हा केंटकीला होकार दिलेले तीन नवखे आणि आधीच्या संघातले तिघे त्याच्यामागोमाग गेले. आर्कन्सॉचं फुटबॉल आदल्या मोसमात 4 सामने जिंकून 8 हरलं होतं.

‘फुटबॉल नाही ते संपले’ हा मुद्दा लवकर निकालात निघतो. गॉन्झागा विद्यापीठाने 1941 नंतर फुटबॉल खेळलेलं नाही आणि 2017 व 2021 मध्ये ते बास्केटबॉलचा अंतिम सामना खेळले. मार्केट विद्यापीठाने 1960 मध्ये फुटबॉल बंद केलं, 1977 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. विलानोवाचं फुटबॉल खालच्या गटातलं, बास्केटबॉलची विजेतेपदं 2016 आणि 2018 ची.

आता खरा धागा. फुटबॉलचा परिणाम होतो, पण तो पोराच्या मनावर नव्हे, कॉन्फरन्सच्या नकाशावर. कनेटिकटने तो भोगला आहे. बास्केटबॉलचं घराणं, फुटबॉल मात्र वरच्या पातळीवर आणलं ते या शतकाच्या सुरुवातीला, त्यासाठी 40,000 आसनांचं मैदानही उभं राहिलं. 2012 मध्ये एसीसी कॉन्फरन्सने नवा सदस्य निवडताना लुइव्हिलला घेतलं, कनेटिकटला नाही. वजन फुटबॉलचं पडलं. मग वाट्याला आली अमेरिकन कॉन्फरन्स: दूरदूरचे प्रवास, ओळख नसलेले प्रतिस्पर्धी. 2014 चं विजेतेपद आधीच्या शिदोरीवर निघालं. 2017 ते 2019 सलग तीन मोसमांत बास्केटबॉलमध्ये जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. 2020 मध्ये त्यांनी फुटबॉल स्वतंत्र सोडून दिलं आणि बास्केटबॉल बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये परत नेलं, जिथे जॉर्जटाउन, सेंट जॉन्स अशी जुनी खुन्नस आहे. 2023 आणि 2024, लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं. त्यातल्या दुसऱ्या वेळी फुटबॉल संघ 3 जिंकून 9 हरला होता.

राहिला पैसा. 2025 मध्ये एसईसीच्या 16 पैकी 14 संघांना मुख्य स्पर्धेत जागा मिळाली, हा विक्रम आहे आणि तो फुटबॉलच्या टीव्ही-पैशाशिवाय झाला असं मी म्हणणार नाही. नावाजलेले कोच त्याच पैशाने आले. पण तो पैसा कॉन्फरन्समधल्या सगळ्यांनाच मिळतो. त्या 14 मध्ये फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं तळाशी राहिलेलं व्हँडरबिल्ट होतं आणि बाहेर राहिलेल्या दोघांत होतं लुइझियाना स्टेट, 2019 चं फुटबॉल विजेतं.

शिवाय 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने वारं फिरलं आहे. आता विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, 2025-26 साठी मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. फुटबॉलवाल्या बड्या विद्यापीठांत साधारण वाटणी अशी धरली जाते: फुटबॉलला 75 टक्के, पुरुष बास्केटबॉलला 15. म्हणजे बास्केटबॉलच्या वाट्याला तीसेक लाख. ज्या विद्यापीठाला फुटबॉल पोसायचं नाही, त्याच्या बास्केटबॉल कोचला हा आकडा ओलांडायला नियमाची आडकाठी नाही, फक्त देणगीदार हवेत.