टचस्क्रीन जीपीएस घ्यावं का? रविवारच्या बैठकीआधी माझं मत

येत्या रविवारी आमच्या ग्रुपची बैठक आहे. वर्गणी जमली आहे आणि टचस्क्रीनचं हँडहेल्ड जीपीएस, म्हणजे उपग्रहांवरून ठिकाण आणि वाट दाखवणारं हातात धरायचं यंत्र, घ्यायचं की नाही, हे ठरवायचं आहे. बेळगावातल्या एका मित्राने त्याचं नवं यंत्र मला जुलैत दोन दिवस आणि दिवाळीनंतर आठवडाभर वापरायला दिलं होतं, म्हणून सगळे मलाच विचारताहेत. बैठकीत पाच मिनिटांत हे सांगून होणार नाही. यंत्राच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही, काचेचा आहे.

आधी पावसाचं. जुलैत आम्ही खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, गेलो होतो. ज्यांनी तो सडा पावसात पाहिलेला नाही त्यांना सांगते, जांभ्या दगडावर पाऊल उमटत नाही, खुणेला झाड नसतं आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. या भागातलं एका अंगाचं पाणी मलप्रभेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातं, दुसऱ्या अंगाचं म्हादईतून पणजीला. धुक्यात अंग चुकलं तर माणूस गावाकडे न जाता गोव्याच्या कड्याकडे उतरायला लागतो. जीपीएसची खरी गरज पडते ती इथेच, आणि नेमकं इथेच त्या काचेने साथ सोडली. पावसाचे थेंब पडले की नकाशा आपोआप लहान-मोठा व्हायचा. मी बोट ठेवलं तर सरकायचा नाही, पाणी ओघळलं की सरकायचा. पुसायला कोरडं काहीच उरलं नव्हतं, ओढणीसुद्धा चिंब.

यात बिघाड काही नव्हता, त्या काचेची रीतच तशी आहे. आताच्या बहुतेक टचस्क्रीन बोटामुळे काचेवरच्या विद्युतभारात होणारा फरक ओळखतात. पाणीही तसाच फरक पाडतं, म्हणून थेंबही तिला बोटासारखाच. पूर्वीच्या काही यंत्रांमध्ये दाबाने चालणारी काच असायची. ती नखाने किंवा काडीनेसुद्धा चालायची, पण उन्हात अंधूक दिसायची. डब्यावर ‘आयपीएक्स ७’ लिहिलेलं वाचून बरेच जण निश्चिंत होतात. त्याचा अर्थ एवढाच, की यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी शिरणार नाही. ओल्या काचेवर तुमचं बोट ओळखलं जाईल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. दुकानदाराला हे विचारा, आणि जमलं तर काचेवर पाण्याचा शिडकावा करून समोर चालवून दाखवायला सांगा.

माझं जुनं बटणांचं यंत्र त्या दिवशी खोळीच्या आत धरून, न बघता, अंगठ्याने चाललं. कुठलं बटण कुठे आहे हे हाताला ठाऊक आहे. परतीचा ट्रॅक, म्हणजे येताना यंत्राने नोंदलेली वाट, लावला आणि बाणाच्या दिशेने आम्ही सगळे खाली आलो. एवढ्यावरून निकाल द्यायचा असता तर मी ‘घेऊ नका’ म्हणून मोकळी झाले असते.

मधल्या काही गोष्टी भराभर सांगते. बटणांच्या काही यंत्रांवर बाहेर आलेला जाड अँटेना असतो, तो उभा धरला तरी दाट झाडीत चांगलं काम देतो. चपट्या टचस्क्रीनचा अँटेना बहुधा सपाट असतो, ते यंत्र आभाळाकडे तोंड करून धरलं तरच नीट चालतं. गळ्यात उलटंसुलटं लटकवलंत तर ट्रॅक भरकटतो. उपग्रहाकडून येणाऱ्या नेहमीच्या एल१ लहरींच्या जोडीला एल५ नावाच्या दुसऱ्या लहरीही पकडणारं यंत्र मिळालं तर तेच घ्यावं. दरीत कड्यावरून आपटून येणाऱ्या लहरींमुळे ठिकाण चुकतं, ती चूक त्यात बरीच कमी होते. बॅटरी आतच बसवलेली असेल तर पॉवर बँक वाहावी लागते. पेन्सिल सेलवर चालणारं असेल तर जांबोटीच्या दुकानातही सोय होते. आणि ज्यात उपग्रहावरून मेसेज पाठवायची सोय आहे, ते मॉडेल कुणी परदेशातून आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका. आपल्या देशात अशी साधनं परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी बाईंना त्याच कारणाने अडवलं गेलं होतं. नुसतं ठिकाण दाखवणाऱ्या जीपीएसचा यात संबंध नाही.

‘मोबाइल असताना हे कशाला?’ असं दोघांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. मोबाइलचं जीपीएस रेंज नसतानाही चालतं, नकाशा आधी उतरवून ठेवला की झालं. पण मोबाइलची काचही पावसात तशीच वागते. त्याची बॅटरी संपली तर घरी कळवायचं साधनही संपतं. शिवाय माळावर भर उन्हात मोबाइलचा प्रकाश फिका पडतो. हँडहेल्डच्या अनेक स्क्रीन उन्हाचाच प्रकाश वापरतात, म्हणून जितकं ऊन तितकं स्पष्ट दिसतं. डिसेंबरात भर दुपारी हा फरक मी डोळ्यांनी पाहिला.

आता ज्या कारणासाठी हे सगळं लिहायला बसले, ते.

२०१६ च्या उन्हाळ्यात गवळीवाड्यावरच्या एका आजोबांबरोबर मी तीन दिवस चालले होते. वनखात्याची परवानगी घेऊन, त्यांच्या जुन्या वाटांनी. कोकणात मिठाला जायची वाट, गुरं पाण्यावर न्यायची वाट, लग्नाचं वऱ्हाड न्यायची वाट. प्रत्येक वळणाला, खडकाला, पाण्याला नाव होतं. ते थांबायचे, काठी टेकायचे, नाव सांगायचे आणि म्हणायचे, “लिवून घ्या की बाई. माझ्यामागं कोन सांगणार तुमास्नी?”

मी यंत्रात प्रत्येक जागेची नोंद करत, पॉइंट मारत गेले. नाव टाकायला मात्र बसले नाही. बटणांच्या यंत्रात एकेक अक्षर शोधत, वर-खाली-डावी-उजवीकडे सरकत एक नाव लिहायला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हाताऱ्या माणसाला उन्हात ताटकळत ठेवणं बरं वाटलं नाही. यंत्राने आपलं आपण ०१४, ०१५, ०१६ असे आकडे दिले, ते तसेच राहिले. नावं वहीत लिहिली. पुढच्याच पावसाळ्यात घराच्या छपरातून पाणी गळलं आणि ती वही गेली. दोन वर्षांनी आजोबाही गेले.

आज माझ्याकडे ०१४ पासून ०५१ पर्यंत अडतीस ठिकाणं आहेत. प्रत्येक ठिकाण काही मीटरच्या आत बरोबर आहे. नाव एकाचंही नाही. पाणी कुठलं, देव कुठला, कुठे वाघ बसायचा म्हणून वाट सोडली होती, काही कळत नाही. या वाड्यांमधली तरुण माणसं बेळगावला, गोव्याला कामाला गेली आहेत, वाटा करवंदीच्या जाळ्यांखाली मोडत चालल्या आहेत. सरकारी नकाशात वाडीपर्यंत नाव येतं, तेही पाटीवर एक, कागदावर दुसरं आणि लोकांच्या तोंडात तिसरं. वाडीच्या पुढचं, झऱ्याचं आणि खिंडीचं नाव फक्त माणसांच्या तोंडात आहे.

दिवाळीनंतर टचस्क्रीन घेऊन गेले तेव्हा काय झालं ते ऐका. एका आजींनी “हे उंबराचं पाणी” म्हणताच मी पॉइंट मारून नाव टाइपही केलं. मराठी कीबोर्ड त्यात नव्हता, रोमन अक्षरांत टाकलं, पण टाकलं. त्यांच्या नातीने, सातवीतल्या मुलीने, यंत्र हातात घेतलं आणि न शिकवता पुढची सहा नावं तिनेच लिहिली, आजीला विचारून विचारून. माझ्या जुन्या यंत्रावर हे कधीच झालं नसतं. त्या काचेची सगळी किंमत मला त्या सहा नावांत दिसली.

म्हणून माझं मत असं: टचस्क्रीन घ्यावं, पण नोव्हेंबर ते मे या काळात, नावं टिपण्याच्या कामासाठी. जून ते सप्टेंबर सड्यावर जाताना जुनं बटणांचं यंत्रच पुढे चालणाऱ्याच्या हातात असावं, टचस्क्रीन सॅकमध्ये कोरडं. जुनं विकून नव्यात पैसे घालायची सूचना आली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे.

घेतलंच तर दोन-तीन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवाव्यात. अक्षांश-रेखांश सगळ्यांनी एकाच पद्धतीत ठेवायचे. फोनवर कुणी ‘पंधरा तीस’ सांगितलं आणि त्याच्या मनात १५ अंश ३० मिनिटं असली, ऐकणाऱ्याने १५.३० अंश टाकलं, तर फरक सुमारे बावीस किलोमीटरचा पडतो. जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सरकारी तपशीलवार नकाशावरून (आपल्या भागाचा क्रमांक ४८ आय), आकडे घेताना डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा आधार, बघायचा, कारण ते नकाशे एव्हरेस्ट डेटमवर आहेत आणि यंत्र डब्ल्यूजीएस ८४ वर. हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र पावसाळी हवेत फसतं, दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की उंची आठ-नऊ मीटरने चुकते. निघताना खानापूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची उंची त्यात भरून घ्यायची.

आणि सर्वांत महत्त्वाचं, ट्रॅक आपोआप इंटरनेटवर चढवणारी सोय बंद ठेवायची. देवरायांचे, वटवाघळांच्या गुहांचे पॉइंट मी या भिंतीवर टाकलेले नाहीत आणि ग्रुपमधून कुणी टाकू नयेत, अशी हात जोडून विनंती आहे. भीमगडच्या बारापेडे गुहांमधली रॉटनची वटवाघळं जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहेत. तिथला एक पॉइंट फिरायला लागला तर महिन्याभरात गुहेच्या तोंडाशी गर्दी होईल.

आजोबांची थोरली सून अजून वाड्यावर आहे. परवा भेटले तेव्हा म्हणाली, सासऱ्यांबरोबर ती त्या वाटेने दोनदा गेली होती, बरीचशी नावं आठवतात, चालत गेलं तर आणखी आठवतील. परवानगीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. मार्चच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी ०१४ पासून सुरुवात करायची आहे. तिच्याबरोबर चालायला दोन माणसं हवी आहेत, त्यातलं एक तरी गवळ्यांची बोली नीट समजणारं. येणार असाल तर खाली लिहा.