सालाझारची सचोटी आणि गोव्याचे सुख

पोर्तुगालचा हुकूमशहा आंतोनियो सालाझार याने सरकारी तिजोरीतील पैशालाही हात लावला नाही, देशाचा अर्थसंकल्प सावरला, महायुद्ध टाळले आणि त्याच्या राजवटीत गोवा स्वस्त, सुखी व निर्धास्त होता, असा मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो.

तो काटकसरी होता आणि १९२८ मध्ये अर्थमंत्री झाल्यावर त्याने तूट मिटवली, हे मान्यच आहे. पण पुढच्या चार दशकांचे काय? १९६१ पासून आफ्रिकेतील वसाहती राखण्यासाठी त्याने लढलेल्या युद्धांनी तीच तिजोरी पोखरली आणि लाखो पोर्तुगीजांनी गरिबीपायी, सैन्यभरती चुकवण्यासाठी फ्रान्सची वाट धरली. महायुद्धात देश तटस्थ राहिला खरा, परंतु १९४४ पर्यंत जर्मनीला शस्त्रनिर्मितीसाठी लागणारे टंगस्टनचे खनिज विकले जात होते.

गोव्याविषयीचा दावा मात्र मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. बाजारात परदेशी माल स्वस्त मिळे, कारण लोहखनिजाच्या निर्यातीचा पैसा त्यात खेळत होता. तरीही पोटासाठी मुंबईच्या कुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक वसतिगृहांत, राहणाऱ्या गोमंतकीयांची संख्या मोठी होती. राहिली निर्धास्तता. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती, परवानगीवाचून सभा घेता येत नसे, आणि १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया यांनी हा निर्बंध मोडल्यानंतर सुरू झालेल्या चळवळीत त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी पकडले गेलेले मुक्तिसैनिक मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. त्यांची सुटका १९६९ मध्ये झाली. चोरी होत नव्हती म्हणून ज्यांना तो काळ सुरक्षित वाटतो, त्यांनी या माणसांची सुरक्षितताही हिशेबात धरली पाहिजे.

२००७ मध्ये पोर्तुगालच्या दूरचित्रवाणीवर सालाझार ‘सर्वश्रेष्ठ पोर्तुगीज’ ठरला, हा दाखलाही दिला जातो. ते मतदान इच्छुक प्रेक्षकांनी फोनवरून केले होते, त्याला देशाचा कौल म्हणता येत नाही. त्याचे गोव्यावर प्रेम होते म्हणणाऱ्यांनी डिसेंबर १९६१ मधील त्याचा आदेश पाहावा: शरणागती नाही, सैनिक विजयी व्हावेत किंवा मरावेत. गव्हर्नर व्हासालो इ सिल्वा यांनी तो मानला नाही, म्हणून निष्कारण रक्तपात टळला. सालाझारच्या सरकारने त्याबद्दल त्यांना सैन्यातून काढून टाकले.